अ‍ॅशले, दार उघड!

भुताचा सिनेमा बघताना आपण सगळेच फार हुशार असतो. पडद्यावरची बाई हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली की थिएटरातून सल्ले सुरू होतात. ‘अगं बाई, जाऊ नकोस.’ ‘आधी दिवा लाव.’ ‘नवऱ्याला उठव ना!’ बाई ऐकत नाही. खाली जाते, मरते, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणत आपण पॉपकॉर्नच्या पुड्याचा तळ चाचपतो. बाईला आपलं काही ऐकू येत नाही, ही त्या सल्ल्यांमागची खरी सोय. ऐकू आलं असतं तर जबाबदारी आपल्यावर आली असती, आणि मग एवढे सल्ले निघालेच नसते.

ही सोय इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या सुपरमॅसिव्ह गेम्स या कंपनीनं ऑगस्ट 2015मध्ये काढून घेतली. ‘अनटिल डॉन’ हा त्यांचा व्हिडिओ गेम म्हणजे आठ-दहा तासांचा भयपटच. फरक एवढाच, की बाई अंधाऱ्या वाटेपाशी पोचली की गेम तुम्हालाच विचारतो : आत जायचं की मागं फिरायचं? विचार करायला जेमतेम काही सेकंद. आणि इतकी वर्षं ‘जाऊ नकोस’ म्हणून ओरडलेले आपण काय करतो? आत जातो.

जातो, कारण मोह. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ज्या काल्पनिक डोंगरावर ही गोष्ट घडते, तिथं जागोजागी लाकडी टोटेम दडवलेले आहेत. एकूण तीस. उचलून बघितला की पुढं घडू शकेल अशा एखाद्या प्रसंगाची ओझरती झलक दिसते. काळा टोटेम म्हणजे मरण, लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे भाग्य. फुकटात भविष्य बघायला मिळत असताना मागं फिरेल तो मराठी माणूस कसला? आणि हे टोटेम दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली कुणी ठेवत नाही. तेव्हा तळघरात उतरणारी ती सिनेमातली बाई मूर्ख नसावी. तिलाही खाली काहीतरी हवं असणार.

हा गेम मी माझ्या एका बालमित्राबरोबर खेळलो. तो डोंबिवलीत चार्टर्ड अकाउंटंट आहे. आमच्या गोटात त्याला नुसतं ‘सीए’ म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. त्याचा मुलगा शिकायला परगावी गेला आणि प्लेस्टेशन घरी राहिलं. टीव्हीखाली धूळ खात पडलेलं ते यंत्र सीएला बघवेना. ‘घसारा चालू आहे आणि वापर शून्य,’ तो म्हणाला, आणि शनिवारी रात्री मला जेवायला बोलावलं.

गेममध्ये जिवंत ठेवायची पात्रं आठ. वहिनींनी स्टीलच्या वाटीतून चिठ्ठ्या काढल्या. सीएच्या वाट्याला क्रिस, माईक, मॅट आणि जेसिका आले. माझ्याकडं सॅम, एमिली, अ‍ॅशली आणि जॉश. (जॉशचं काम रॅमी मालेकनं केलंय. पुढं 2019 साली त्याला ऑस्कर मिळालं. सीएला हे सांगितल्यावर त्यानं चिठ्ठ्या पुन्हा टाकायची मागणी केली.) नियम असा ठरला, की ज्याचं पात्र पडद्यावर असेल त्यानं कंट्रोलर घ्यायचा आणि दुसऱ्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. यातला पहिला नियम आम्ही पाळला.

खरं तर हा एकट्यानं खेळायचा गेम. पण घरोघरी लोक सोफ्यावर गोळा होऊन एकाच कंट्रोलरची अशी फिरवाफिरवी करायला लागले. कंपनीनं मग 2019च्या ‘मॅन ऑफ मेदान’मध्ये त्याची रीतसर सोय करून दिली. पाच जणांपर्यंत नावं घालायची, आणि पाळी आली की गेमच सांगतो, आता कंट्रोलर अमक्याकडं द्या. ‘अनटिल डॉन’मध्ये असं कुणी सांगत नाही. आपण बटाटेवडा उचलावा आणि नेमकं तेव्हाच आपलं पात्र पडद्यावर यावं. मग तेलकट बोटांनी त्रिकोण का चौकोन, चौकोन का गोल, असा गोंधळ. त्या बटणांवर खरोखरच त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली आहेत. भूमितीशी आमचे संबंध दहावीनंतर तुटले होते. ते कॅनडात, बर्फात, मागं कुणीतरी लागलेलं असताना असे अचानक जुळले.

गोष्टीची सुरुवात एका चेष्टेनं होते. बंगल्यावर जमलेली मित्रमंडळी हॅना नावाच्या मुलीची चेष्टा करतात, ती रडत बाहेर बर्फात पळते, तिची जुळी बहीण बेथ तिच्या मागं धावते. शेवटी दोघी कड्यावर लोंबकळतात. बेथचा एक हात कड्याला, दुसऱ्या हातात हॅना. गेम विचारतो : बहिणीला सोडायचं की कडा सोडायचा?

बेथ ही आम्हा दोघांपैकी कुणाचीच नव्हती, म्हणून निर्णय सहमतीनं घ्यायचा होता. सहमती होईपर्यंत वेळ संपत आली. ‘बहिणीला सोडू नको,’ मी ओरडलो. ‘दोघी जाण्यापेक्षा एक वाचेल,’ सीए ओरडला. कंट्रोलर त्याच्या हातात होता. त्यानं बहिणीला सोडलं.

दोघी पडल्या.

मागाहून कळलं, की कडा सोडला असता तरी दोघी पडल्याच असत्या. सीए खवळला. ‘मग विचारलं कशाला?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि जुनाही आहे. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिन्चेरा यांचा ‘किनोऑटोमॅट’ नावाचा सिनेमा दाखवत. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक लाल आणि एक हिरवं. मोक्याच्या क्षणी सिनेमा थांबायचा, निवेदक मंचावर येऊन विचारायचा, आता नायकानं काय करावं? लोक भक्तिभावानं मतदान करायचे. आणि रचना अशी, की कुणीही जिंकलं तरी गोष्ट फिरून त्याच पुढच्या प्रश्नापाशी यायची. बहुमत कुठल्याही बाजूला पडो, शेवटी इमारतीला आग लागायची ती लागायचीच. साम्यवादी देशातल्या माणसानं मतदानावर केलेला हा विनोद भांडवलशाही प्रेक्षकांनी रांगा लावून बघितला.

गेमवाल्यांचंही दुखणं तेच. सीएनं ते पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं. प्रत्येक वळणावर दोन पर्याय धरले, तर दहा वळणांनंतर 1,024 गोष्टी होतात आणि वीस वळणांनंतर 10,48,576. एवढ्या गोष्टी लिहायच्या, नटांकडून करून घ्यायच्या, कोणाच्या बापाला परवडणार? तेव्हा वाटा फुटतात आणि थोडं पुढं जाऊन गुपचूप एक होतात. याच कंपनीच्या 2022च्या ‘द क्वॉरी’ या गेमला 186 शेवट असल्याची जाहिरात होती. मी कौतुकानं सांगितलं. सीएनं नॅपकिन उलटा केला. ‘पात्रं किती?’ नऊ. ‘प्रत्येक जण जगेल किंवा मरेल. म्हणजे 512. उरलेले 326 कुठं गेले?’ मी काही त्या कंपनीचा संचालक नव्हतो, तरी मान खाली घातली.

दोन प्रकरणांच्या मध्ये डॉ. हिल नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ येतात. पीटर स्टॉर्मेर या नटानं हे गृहस्थ असे रंगवलेत की औषधापेक्षा रोग बरा वाटावा. ते थेट तुमच्याकडं रोखून बघतात आणि तुम्हाला कशाकशाची भीती वाटते ते विचारतात. तुम्ही भाबडेपणानं सांगता, आणि पुढं नेमकं तेच अंगावर येतं. विदूषक, झाँबी की बुजगावणं, असा एक प्रश्न होता.

‘बुजगावण्याला कोण भितं?’ सीएनं विचारलं. त्याचं मूळ गाव साताऱ्याकडं. ‘आमच्या शेतात एक होतं. आजोबांचा जुना सदरा घातलेलं. लहानपणी मी त्याला नमस्कार करायचो.’

कावळ्याच्या बाबतीतही तेच. काळा पक्षी फडफडला की परदेशी माणसाच्या काळजाचं पाणी होतं म्हणे. आपण कावळ्याला भीत नाही, त्याची वाट बघतो. दहाव्याला घाटावर तो आला नाही, तर मात्र अख्ख्या खानदानाची पाचावर धारण बसते. डॉ. हिलना ही भीती विचारायचं सुचलं नाही.

तर, सुरुवातीसुरुवातीलाच क्रिसच्या हातात बंदूक येते. नेमबाजी चाललेली असताना समोर एक खार येऊन बसते. मारायची सक्ती नाही. सीएनं मारली. पडद्यावर फुलपाखरं फडफडली. म्हणजे या कृतीचे पुढं परिणाम होणार, अशी नोंद झाली. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञानं 1972च्या एका व्याख्यानात ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांचा आणि टेक्सासमधल्या वादळाचा संबंध विचारला होता, तिथून हे फुलपाखरू आलंय. सीएच्या भाषेत ही संभाव्य देणी : आज ताळेबंदात दिसत नाहीत, पण तळटिपेत बसलेली असतात.

‘खारीला मारलंत?’ स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. ‘प्रभू रामचंद्रांनी जिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला?’

थोड्याच वेळात एक पक्षी येऊन माझ्या सॅमच्या कपाळावर ओरखडा काढून गेला. खार त्यानं मारली, रक्त माझ्या पात्राचं आलं. भागीदारीची ही पद्धत मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती.

खरी भागीदारी मोडली ती क्रिस आणि अ‍ॅशलीवरून. (पुढं रहस्य फोडणार आहे. दहा वर्षांपूर्वीच्या गेमचं रहस्य अजून जपून ठेवलं असेल त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर जावं.) या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण बोलायला कुणी तयार नाही. क्रिस सीएचा आणि अ‍ॅशली माझी, म्हणून संध्याकाळभर आम्ही दोघं प्रौढ पुरुष एकमेकांना अडखळत गोड उत्तरं देत होतो. वहिनी दोनदा येऊन बघून गेल्या. आणि मग एक मुखवटेवाला माथेफिरू दोघांना समोरासमोर बांधून ठेवतो. डोक्यावर फिरत्या करवती खाली येतायत. क्रिसच्या हातात पिस्तूल. स्वतःला मार, नाहीतर तिला मार.

मी सीएकडं बघितलं. चाळीस वर्षांची मैत्री. बाकावर शेजारी बसलो, एकाच सायकलवरून कॉलेजला गेलो, त्याच्या लग्नात पंगतीत वाढलं. अ‍ॅशली तर स्वतःच सांगत होती, मला मार. पण म्हणून काय झालं? सभ्य माणूस अशा वेळी आग्रह मोडून काढतो.

सीएनं अ‍ॅशलीवर पिस्तूल रोखलं आणि चाप ओढला.

पिस्तुलात काडतूस खोटं होतं. माथेफिरूही खोटा निघाला. सगळं एक नाटक, सूड म्हणून रचलेलं. कुणालाही काहीही झालं नाही. ‘बघ, काही झालं का?’ सीए म्हणाला. ‘ती स्वतःच म्हणाली. शिवाय क्रिस कर्ता माणूस. पुढं त्याचा उपयोग जास्त.’ एवढं बोलून त्यानं सोलकढी संपवली.

गेम मात्र विसरत नाही. इथं या मंडळींची कारागिरी मानली पाहिजे. पुढं खराखुरा राक्षस मागं लागतो. वेंडिगो म्हणतात त्याला; उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथांमधला, माणसाचं मांस खाल्लेल्या माणसाचा होतो तसला. क्रिस बर्फातून जिवाच्या आकांतानं बंगल्याकडं पळत येतो. सीएनं त्या पळापळीत त्रिकोण-चौकोन-फुली असं काही दाबलं की मीही टाळी वाजवली. क्रिस दाराशी पोचला. दार आतून बंद. काचेपलीकडं अ‍ॅशली उभी.

‘उघड!’ सीए ओरडला.

अ‍ॅशली नुसती बघत राहिली.

‘अरे, उघड ना दार!’ आता तो माझ्याकडं वळून ओरडत होता. मी दोन्ही हात वर करून दाखवले. कंट्रोलर त्याच्याच हातात होता. अ‍ॅशलीनं त्या क्षणी काय करायचं हे गेमच ठरवतो, आणि तो एकच गोष्ट तपासतो : या माणसानं माझ्यावर पिस्तूल चालवलं होतं का? चालवलं असेल तर दार उघडत नाही. वेंडिगो आला. क्रिसचं पुढं काय झालं ते जेवणानंतर सांगण्यासारखं नाही.

मी काहीही केलं नव्हतं, हे सीएला आजतागायत पटलेलं नाही. ‘तुझ्या चेहऱ्यावर समाधान होतं,’ असं त्याचं म्हणणं आहे. समाधान होतं. पण समाधानानं दारं बंद होत नाहीत.

खोटी गोळी झाडली, कुणाला लागली नाही, कथा होती तशीच पुढं गेली. करवतीच्या दुसऱ्या एका प्रसंगातही कुणाला वाचवायचं ते क्रिसला विचारतात, आणि त्यानं काहीही सांगितलं तरी करवत जॉशकडंच जाते. तेव्हा ‘मग विचारलं कशाला’ याचं उत्तर असं, की एवढ्या लाखो गोष्टी लिहिणं परवडत नसलं तरी तू काय ठरवलंस हे लिहून ठेवणं स्वस्त असतं. गेमला ते पुरतं. सोफ्यावर शेजारी बसलेल्या माणसाला तर तेवढंही लागत नाही.

एमिलीचं प्रकरण याच्यापुढं किरकोळ म्हणायचं, पण सांगतो. माझ्या एमिलीला वेंडिगो चावला. मंडळींना भीती, की आता हिचाही वेंडिगो होणार. माईकनं पिस्तूल काढलं. माईक कुणाचा ते आठवत असेलच. मी सीएला सांगून बघितलं की पुरावा काय? तो म्हणाला, ‘तरतूद आधीच करून ठेवावी लागते,’ आणि एमिली गेली. त्यानंतर माझीच अ‍ॅशली एक वही उघडून वाचते : चावल्यानं काही होत नाही. खोलीत शांतता. मग सीएचा खुलासा : ‘ही वही निर्णयाच्या तारखेला उपलब्ध नव्हती.’

शेवटच्या प्रकरणात त्याच्याकडं जेसिका उरली होती, खाणीत लपलेली. वेंडिगोला फक्त हलणारं दिसतं, त्यामुळं अशा वेळी गेम सांगतो, हलू नका. हे पात्राला नव्हे, तुम्हाला. कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. हात जरा कापला की संपलं. अख्ख्या गेममध्ये मला घाम फोडणारी गोष्ट हीच. डोंबिवलीतले डास या काळात फार चौकस होतात. सीएनं कंट्रोलर हळूच टीपॉयवर ठेवायचा विचार केला. मी हरकत घेतली. ‘ही करचोरी नाही, करनियोजन आहे,’ तो म्हणाला. मी तरी ऐकलं नाही. त्यानं दोन्ही हातांत कंट्रोलर धरला, श्वास रोखला, पापणीसुद्धा लववली नाही. राक्षस अगदी तोंडाशी आला. तेवढ्यात स्वयंपाकघरात उद्याच्या छोल्यांसाठी लावलेल्या कुकरनं शिट्टी दिली, आणि आतून हाक आली, ‘अहो, किती झाल्या हो?’

तीस वर्षांच्या संसाराची सवय. सीएनं उत्तर म्हणून तीन बोटं वर केली.

पहाटे हेलिकॉप्टर येतं. जे वाचले असतील त्यांचे पोलीस जबाब घेतात, आणि कोण काय बोलतो ते तुम्ही रात्रभर काय केलं त्यावर अवलंबून असतं. आमच्याकडचे जबाब अजून चालू आहेत. वहिनींचा निकाल मात्र त्याच रात्री आला : दोघांनाही झोपायला पाठवा.

2025च्या एप्रिलमध्ये याच नावाचा सिनेमाही आला. त्यात बटण दाबायचं काही काम नाही, म्हणून मला तो बिनमहत्त्वाचा वाटतो. गेम खेळायचा असेल तर 2024ची नवी आवृत्ती प्लेस्टेशन 5 आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालते. एकट्यानं खेळू नका. एकट्याला फक्त भीती वाटते. चांगला जुना मित्र बोलवा, पात्रं चिठ्ठ्या टाकूनच वाटा, पण माईक कुठल्याही परिस्थितीत सीएला देऊ नका. आणि ज्याच्याकडं तुमचं इन्कम टॅक्सचं काम आहे, त्याच्या तोंडावर दार बंद होण्याआधी यंदाचं रिटर्न भरून घ्या.